लोणावळ्याचे दोन उन्हाळे

खंडाळा ते पुणे ही गाडी 14 जून 1858 रोजी सुरू झाली. बोरघाट मात्र 1863 पर्यंत पुरा व्हायचा होता, आणि तोवर मुंबईहून येणारा उतारू खोपोलीला उतरून डोलीने, तट्टावर किंवा पायी घाट चढत असे. घाट पुरा झाल्यावर मावळातल्या लोणावळ्याचे रूपच पालटले. इंजिने, त्यांची दुरुस्ती, गार्ड, ड्रायव्हर, त्यांची क्वार्टर्स यांनी गाव भरले, आणि इंग्रज व अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्यांच्या बरोबर त्यांची प्रार्थनाही आली. उन्हाळ्यात गावाला आणखी दोन तऱ्हेचे पाहुणे लाभत. एक, कोर्टाची सुट्टी काढायला येणारी पुण्या-मुंबईची वकील-न्यायाधीश मंडळी. दुसरे, मेथडिस्ट पंथाच्या शिबिरांना जमणारे मिशनरी आणि त्यांच्या मंडळ्यांतले देशी ख्रिस्ती. या दोन गटांची गाठभेट क्वचितच होत असेल. तरीही 1892 आणि 1896 या दोन उन्हाळ्यांत त्यांच्यातल्या दोन थोर माणसांच्या आयुष्यातले महत्त्वाचे प्रसंग याच गावाशी जोडले गेले. पहिली व्यक्ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, दुसरी पंडिता रमाबाई. हे प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, की त्या दशकातला ख्रिस्ती धर्माविषयीचा खरा वाद कशावरून होता ते कळते. वाद सिद्धांताचा नव्हता. ख्रिस्तावरची श्रद्धा रोजच्या वागण्यात, चहाच्या पेल्यात, घराच्या उघड्या दारात दिसावी की नाही, हा तो वाद होता.

1892 च्या प्रसंगाचे मूळ पुण्यातले. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली. रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराची टांगती तलवार कुटुंबाकुटुंबांवर आली. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ख्रिस्ती माणसाशी बोलायला पुण्याची ना नव्हती. मिशनच्या शाळेत मुलगे शिकत, ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींची पुस्तके लोक वाचत, धर्मावर चुरशीचे वादविवाद होत. मत मांडणारा ख्रिस्ती समाजाला चालत होता. पाहुण्याला चहा देणारा ख्रिस्ती मात्र अडचणीचा ठरत होता. कारण मताला उत्तर देता येते. पाहुणचाराला उत्तर एकच, तो घ्यायचा किंवा नाकारायचा. रोटीव्यवहारावर ज्या समाजाची सगळी घडी बसलेली, त्यात एका पेल्याने जे दिसते ते शंभर व्याख्यानांनी दिसत नाही.

1892 च्या उन्हाळ्यात रानडे लोणावळ्यास होते. तिथून पुण्याला जाऊन त्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहा पिण्यात पाप आहे असे त्यांना वाटत नव्हते. पण त्यांच्यामुळे ज्या मित्रांच्या घरांत कोंडी झाली होती, त्यांना एकटे टाकणे त्यांना पटेना. सुधारकांनी याबद्दल त्यांना खूप बोल लावला, अजूनही लावतात. मला तो बोल अर्धाच खरा वाटतो. रानड्यांनी तत्त्वापेक्षा नाती वर ठेवली, आणि नाती वर ठेवणे हे काही हलके काम नव्हे. मात्र त्यातून एक गोष्ट उघडी पडली. ज्या नात्यांसाठी त्यांनी माघार घेतली, त्या नात्यांच्या कक्षेत ख्रिस्ती शेजाऱ्याला जागाच नव्हती.

नेमकी ती जागा मागायला रमाबाई पुण्यात आल्या होत्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवा मुलींसाठीचे शारदा सदन नोव्हेंबर 1890 मध्ये, म्हणजे पंचहौदच्या चहानंतर थोड्याच दिवसांत, पुण्याला हलले. सदनाची अट स्पष्ट होती. शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, विधवा मुलींना आपले जातिधर्माचे आचार पाळता येतील, कोणाला बायबल शिकवले जाणार नाही. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा पैसा या अटीवर येत होता आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार समितीवर या अटीवरच बसले होते. रमाबाई स्वतः 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या. त्या सदनातच राहत, सकाळी आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. यायला रमाबाईंनी कोणाला सांगितले नाही, आलेल्यांना उठवलेही नाही. एवढ्यावरून रान पेटले. ‘केसरी’ने टीका लावून धरली, 1893 च्या ऑगस्टमध्ये समितीने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

समितीची बाजू कमजोर नव्हती, हे आधी कबूल केले पाहिजे. सदनातली मुलगी म्हणजे दहा-पंधरा वर्षांची विधवा. माहेरी नकोशी, सासरी ओझे. तिला पहिल्यांदा मायेने जवळ घेणारी बाई ज्या देवाला हाक मारते, त्या देवाकडे ती ओढली जाणारच. दार उघडे ठेवणे हीही मग शिकवणूकच झाली, असे समितीचे म्हणणे असेल, तर ते मानसशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ते पुरते मान्य केले तर त्याचा अर्थ काय होतो पाहा. रमाबाईंनी मुलींवर माया करावी, पण ती माया कुठून येते ते लपवावे. प्रार्थना करावी, पण कडी लावून. वर्गात तटस्थ राहायचे वचन त्यांनी दिले होते. आपल्या घरात परक्यासारखे राहायचे वचन दिले नव्हते. शिवाय उघड्या दाराची सक्ती होत नाही, याचा पुरावा त्या सदनातच होता. सदनात पहिल्याप्रथम आलेली विधवा गोदूबाई. ती त्या घरात चार वर्षे राहिली, ते उघडे दार रोज पाहत राहिली, हिंदूच राहिली, आणि 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला.

आणखी एक आक्षेप त्या काळी होता, आजही आहे: हा राज्यकर्त्यांचा धर्म, आणि रमाबाई त्यांच्या हातातले बाहुले. याला रमाबाईंचे रोजचे जगणेच उत्तर देते. इंग्लंडात भगिनींच्या मठात राहूनही त्यांनी मांसाहार केला नाही, आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी याच नव्हे तर सिद्धांताच्या प्रश्नांवरही त्या पत्रांतून कडाडून भांडल्या. परत आल्यावर त्यांचा वेष साध्या पांढऱ्या साडीचा राहिला. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरांत घुसून झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण चालू झाले, तेव्हा सदनाच्या एका मुलीचे सरकारी छावणीत काय झाले याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जळजळीत पत्र लिहिले. त्या पत्राचे पडसाद थेट इंग्लंडात उमटले. सरकारची मर्जी सांभाळणारी बाई असे पत्र लिहीत नाही. त्यांची श्रद्धा मुलींच्या बाजूने उभी राहताना दिसली, मग समोर पुण्याचे शास्त्री असोत की मुंबईचे गव्हर्नर.

आता दुसरा उन्हाळा. एप्रिल 1896 मध्ये रमाबाई सदनातल्या ख्रिस्ती झालेल्या 15 मुलींना घेऊन लोणावळ्याच्या शिबिराला आल्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, सूर्योदय पाहत बसल्या आणि तिथे त्यांनी एक मागणे मागितले: पुढच्या शिबिरापर्यंत या आकड्याचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग म्हणजे 225. सदनातल्या सगळ्या मुली धरल्या तरी आकडा त्याच्या जवळपासही जात नव्हता. ही प्रार्थना मला अवघड वाटते, आणि ते सांगून टाकलेले बरे. माणसांची गणती पाढ्याने करू नये. ज्या बाईने दार उघडे ठेवून वाट पाहिली, तिने बेरीज-गुणाकारात शिरावे हे तिच्याच वागण्याशी जुळत नाही. रमाबाईंचे चरित्रकार या प्रसंगाला त्यांच्या श्रद्धेचे शिखर मानतात. माझ्या मते शिखर पुढे आहे, त्या वर्षाअखेरीस पडलेल्या दुष्काळात.

मध्य प्रांतात दुष्काळाने माणसे मरू लागली तशा रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. मदतीचे पैसे पाठवून त्यांना थांबता आले असते. पण 1870 च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली होती, आणि रस्त्यावरच्या भुकेल्या पोरीला काय काय सोसावे लागते ते त्यांना कोणी सांगायला नको होते. प्लेगमुळे या मुलींना पुण्यात ठेवू देईनात, तेव्हा केडगावच्या शेतावर तंबू ठोकून मुक्ती सदन उभे राहिले. उवा, खरूज, जुलाब, शिव्या, चोऱ्या हे सगळे घेऊन आलेल्या त्या पोरींना जुन्या मुलींनी न्हाऊ घातले, भरवले, अक्षर शिकवले. या जुन्या मुलींत ब्राह्मणांच्या विधवा होत्या, आणि ज्यांना त्यांनी सावलीतही उभे करून घेतले नसते अशा जातींच्या मुली त्यांच्या मांडीवर होत्या. पंचहौदच्या पेल्याने ज्या शहरात दोन वर्षे बहिष्कार चालला, त्या शहरातून निघालेल्या मुली हे करीत होत्या.

भुकेल्या पोटाचे धर्मांतर हे खरे धर्मांतर नव्हे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. उपाशी पोरीला निवड करायची मोकळीक असते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. रमाबाईंच्या बाजूने दोनच गोष्टी सांगता येतात. एक, आडपडदा नव्हता. अमेरिकन असोसिएशनशी दहा वर्षांचा करार संपला तेव्हा तटस्थतेची अटही संपली, आणि मुक्ती ही ख्रिस्ती संस्था आहे हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. दुसरी, अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल असे स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन त्यांनी हाती दिले. मिंधे ठेवायचे असते तर एवढा खटाटोप कोणी करीत नाही.

लोणावळ्याची ती प्रार्थना झाली त्याच वर्षी, 1896 मध्ये, कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. शारदा सदनाकडे हिंदू पालकांनी पाठ फिरवल्यावर अशा हिंदू संस्थेची गरज उरली होती, आणि सदनात शिकलेल्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, कर्व्यांच्या घरातच होत्या. हे सगळे पाहता, 1893 च्या सल्लागार समितीला आपल्या वचनाशी प्रामाणिक राहून राजीनामा देण्याचा पूर्ण अधिकार होता. रमाबाईंनी विश्वासघात केला हा त्यामागचा आरोप मात्र खोटा होता.