जागा सोडताना पडद्याला कुलूप: एका सवयीचा इतिहास

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० साली संगणक केंद्र सुरू झाले, तेव्हा तेथील आयबीएम ३६०/४४ या यंत्रासमोर वापरकर्ता बसत नसे. संशोधक छिद्रित कार्डांचा गठ्ठा चालकाकडे सोपवी आणि यथावकाश छापील उत्तर घेऊन जाई. त्या व्यवस्थेत सांभाळायची ती यंत्राची खोली. पडद्याला कुलूप लावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रत्येकासमोर पडदाच नव्हता.

हा प्रश्न आणला तो कालविभाजन पद्धतीने. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच संगणक अनेक टर्मिनलांवरून एकाच वेळी वापरण्याची प्रणाली दाखवली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिच्यात परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, आला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधकाने आपल्या वाट्याचा संगणकवेळ पुरेना म्हणून सर्वांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली!

मात्र खरी उणीव वेगळीच होती. पासवर्ड विचारला जाई तो कामाच्या आरंभी, एकदाच. त्यानंतर कळफलकावर येणारा प्रत्येक हात यंत्राला त्याच माणसाचा वाटे. मध्येच उठायचे तर दोनच पर्याय असत: काम मोडून बाहेर पडायचे, किंवा आपली ओळख खुर्चीवर तशीच ठेवून जायचे.

तिसरी वाट १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये निघाली. ‘लॉक’ ही छोटी आज्ञा काम चालू ठेवी आणि परतणाऱ्याला पुन्हा पासवर्ड विचारी. माहितीपुस्तिकेत तिचे वर्णन ‘टर्मिनल राखून ठेवणे’ असे होते. ठरावीक मुदत, एरवी पंधरा मिनिटे, संपली की हे कुलूप आपोआप सुटे. टर्मिनल तेव्हा सामायिक वस्तू होती. तिच्यावर कोणाचा कायमचा ताबा नसे.

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले आणि पुढे ते उपग्रहाद्वारे अमेरिकेशी जोडले गेले. टेबलावरचा उघडा पडदा आता एका खोलीपुरता उरला नाही; त्यामागे समुद्रापलीकडचे जाळे होते.

त्याच काळात स्क्रीन सेव्हर आला, पण सुरक्षेसाठी नव्हे. स्थिर चित्रामुळे काचेमागील फॉस्फरच्या थरावर कायमचा ठसा उमटू नये, एवढ्यासाठी जॉन सोचा यांनी १९८३ साली आयबीएम पीसीकरिता तो लिहिला. पडदा झाकण्याच्या या युक्तीला पासवर्डची जोड नंतर मिळाली. १९९३च्या विंडोज एनटीमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबणे आवश्यक झाले. हा संकेत थेट प्रणालीच्या गाभ्यापर्यंत जातो. साध्या प्रोग्रामला तो मध्येच अडवता येत नाही. त्यामुळे पासवर्ड चोरण्यासाठी मांडलेली खोटी खिडकी उघडी पडते. २००१च्या विंडोज एक्सपीपासून तर विंडोज कळ आणि एल, एवढेच पुरू लागले.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या सुधारणेने आलेले कलम ६६क (इंग्रजी क्रमाने ‘६६ सी’) ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पडदा उघडाच असेल तर पासवर्ड चोरावाही लागत नाही. नोंदवहीत नाव लागते ते उठून गेलेल्या माणसाचे, आणि कृत्य कोणाचे हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

या कुलपाला मर्यादा आहेत. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले की, वीज तोडल्यावरही स्मृतीच्या चिपमधील विद्युतभार काही सेकंद टिकतो आणि चिप थंड केल्यास मिनिटांपर्यंत; तेवढ्यात कूटकिल्ल्या वाचता येतात. पण अशा हल्ल्याला साधने आणि तयारी लागते. उघड्या पडद्याला लागतो तो फक्त शेजारून जाणारा माणूस.

आणि काम अडेल ही भीती अनाठायी आहे. पडद्याला कुलूप लावल्याने चालू गणन थांबत नाही. थांबतो तो केवळ परका हात.