रांजणातलं पाणी आणि पोहरादेवीचा नळ

पोहरादेवीत नळाला पाणी आलं नाही, तर जायचं कुणाकडे? आधी ग्रामपंचायतीकडे. पाणीपट्टी घेणारी तीच. त्यापुढे जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. पण ही दारं फार जुनी नाहीत. मुंबई ग्रामपंचायत कायदा १९५८ चा आणि महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १९६२ ला. वाशीम जिल्हा तर १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला.

मग त्याआधी पाणी मागायचा हक्क कुणाचा होता? पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी, म्हणून हा प्रश्न इथे जास्तच टोचतो. बंजारे हजारो बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. एवढी जनावरं घेऊन निघायचं, तर मुक्काम पाण्यावरच पडणार. मध्य प्रदेशातल्या सागरच्या तलावाचं श्रेय लोककथा लाखा बंजाऱ्याला देते, ते उगाच नाही.

१६३० च्या सुमारास शाहजहानच्या फौजा दख्खनेत उतरल्या, तेव्हा रसद ओढणाऱ्या भंगी आणि जंगी नायकांना वजीर आसफखानाने ताम्रपट दिला, असं परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात तो नोंदवला आहे. सवलती दोन साध्या: घराच्या छपराचं गवत बैलांसाठी घ्यावं, रांजणातलं पाणी घ्यावं. (तिसरी सवलत खून माफ करण्याची आहे, पण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.) मला पाण्याचं कलम महत्त्वाचं वाटतं. परक्या गावात, भरलेल्या रांजणाला हात लावायला बादशाही वजिराचा कागद लागत होता. भरणाऱ्या बाईला कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

पुढे १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे वऱ्हाडातून धावू लागली आणि बैलांचा धंदा बसला. तांडे स्थिरावले, पण बहुधा गावठाणाबाहेर. विहीर गावात, तांडा माळावर, असं अनेक ठिकाणी झालं. खाली काळा बेसाल्ट. फटीत साठेल तेवढंच पाणी. १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, याच समाजातले.

संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थळ पोहरादेवीला आहे. वाटीभर पाण्याला रुपया मोजावा लागेल, असं त्यांचं भाकीत बंजारा घरांत आजही सांगतात. आता बाटलीचा दर बघता रुपया स्वस्तच म्हणायचा.

२०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं. हे माप धरलं आहे गावात राहणाऱ्या कुटुंबांसाठी. रामनवमीच्या यात्रेत इथे लाखो लोक येतात. ते ना कुटुंबात, ना पाणीपट्टीच्या वहीत. त्यांच्यासाठी टँकर बोलवावे लागतात. तांडा पुन्हा परक्या रांजणापाशी उभा आहे, फरक एवढाच की या वेळी गाव त्याचंच आहे.