खादीतला माणूस हसला नाही

२५ डिसेंबर १९७५. वर्धा स्टेशनाबाहेर तुम्ही चहा मागता. आणीबाणीला सहा महिने झालेत. समोरच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरं आहेत, ‘अनुशासन पर्व’, आणि खाली विनोबांचं नाव.

‘‘गाडी टाइमावर आली म्हना!’’ बाकावरचा एक जण म्हणतो.

‘‘आली नं बावा. घ्यायले येनारा मानूसच आत हाय.’’

तिघं हसतात. तुम्हीही हसता. मग चौथ्याकडे लक्ष जातं. खादीचा सदरा, पांढरी टोपी, चेहरा कोरा. हसणं बशीत सांडल्यासारखं थांबतं. दुसऱ्या गावात टोपीवरून माणूस ओळखता आला असता. इथं इंदिराबाईंचा कार्यकर्ता खादीत आणि जयप्रकाशांचा सर्वोदयीही खादीतच! विनोद कुणासमोर सांगावा, हे ठरवणं वर्ध्यात फार कठीण.

पवनारला विनोबांच्या आश्रमाजवळ, धाम नदीकाठी गर्दी आहे. त्यांचं वर्षभराचं मौन आज सुटतंय. त्या मौनातच त्यांनी काँग्रेसच्या वसंत साठ्यांसमोर महाभारतातलं ‘अनुशासन पर्व’ धरलं, आणि सरकारनं त्याचं घोषवाक्य करून टाकलं. आता विनोबा बोलतात : अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. शब्दांशी खेळण्याची त्यांना जुनी हौस. तुमच्या डावीकडचा गालात हसतो, कारण त्याला ही सरकारला मारलेली कोपरखळी वाटते. उजवीकडचा गंभीरपणे मान डोलावतो. त्याच्या कानी फक्त ‘अनुशासन’ पडलंय. मागून कुणीतरी पुटपुटतं, ‘‘सरकारी संत!’’ त्यावर मात्र डावीकडचाही चिडतो. (आपल्या बाजूच्या माणसावरचा विनोद पचायला फार जड जातो, तुम्ही-मी काही वेगळे नाही.)

दिल्लीत ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक ऑगस्टमध्येच बंद झालंय. पण याच महिन्यात व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी न्हाणीच्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती काढले, आणि ते छापूनही आले. सेन्सॉरचा अधिकारी हसण्यात गुंतला असावा, असा माझा संशय आहे.

१९७६मध्ये या. विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलंय. ती घोषणा छापली म्हणून आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाचे अंक पोलीस उचलून नेतायत. सरकारी संताचं मासिक सरकारनंच जप्त केलं! एवढा नेमका विनोद त्या काळात दुसऱ्या कुणाला जमला नाही.

मार्च १९७७. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांमधून बोलतायत, माणसं पोट धरून हसतायत. काँग्रेसचं चिन्ह गायवासरू. गाय म्हणजे आई इंदिराबाई आणि वासरू म्हणजे लेक संजय, हे टपरीवरच्या पोरांनाही पाठ. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडतात. वर्ध्यातून मात्र काँग्रेसचे संतोषराव गोडे निवडून येतात. स्टेशनाबाहेरच्या त्या तिघांपैकी निदान एकानं तरी, रांगेत आईलेकराचा विनोद सांगत सांगत, गायवासरावरच शिक्का मारलाय.