मोड नसलेली चांदी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात चांदीच्या चमच्यांचा आणि ताटल्यांचा जो प्रचंड कारखानदारी धंदा उभा राहिला, त्यात चांदी अगदी थोडी होती. हार्टफर्ड येथील विल्यम, एसा आणि सिमियन या रॉजर्स बंधूंनी १८४७ च्या सुमारास हलक्या धातूच्या वस्तूंवर विजेच्या साहाय्याने चांदी चढवून त्या विकण्यास आरंभ केला. १८५२ मध्ये त्याच राज्यातील मेरिडन येथे मेरिडन ब्रिटानिया कंपनी स्थापन झाली, १८६२ मध्ये रॉजर्सांचा शिक्का तिच्याकडे आला, आणि १८९८ मध्ये अशा अनेक कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी हे एकच मोठे नाव उरले. ‘ब्रिटानिया’ म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडे तांबे यांचा मिश्रधातू. जस्त, तांबे आणि निकेल यांच्या ज्या मिश्रधातूला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात, तो या कामासाठी अधिक टणक म्हणून पुढे पसंत केला जाऊ लागला. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो.

चांदी चढवण्याची ही रीत मूळ अमेरिकेची नव्हे. १८४० मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलत भावांनी तिचे पेटंट घेतले होते. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळवलेली चांदी विजेच्या प्रवाहाने धातूच्या वस्तूवर घट्ट बसते, हे जॉन राइट या शल्यवैद्याला आढळले होते, आणि त्या शोधावर हे पेटंट उभे होते. प्रवाह जितका आणि जितका वेळ, तितकी चांदी, असा फॅरडेचा नियम असल्याने थराची जाडी कारखानदाराच्या पूर्णपणे हाती आली. एक अँपिअर प्रवाह तासभर चालला की सुमारे चार ग्रॅम चांदी वस्तूवर उतरते. साधारण प्रतीच्या मुलाम्यात एक ग्रोस, म्हणजे १४४ चहाच्या चमच्यांना मिळून दोन ट्रॉय औंस चांदी लागे आणि ‘तिहेरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतीत सहा औंस. दोन औंस म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम. तेव्हा साध्या प्रतीच्या एका चमच्याच्या वाट्याला अर्धा ग्रॅमही चांदी येत नव्हती. नवमध्यमवर्गीय अमेरिकन घराला श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलाची शोभा हवी होती, आणि ती या अर्ध्या ग्रॅमात मिळत होती.

हाच माल मुंबईत मराठी घराच्या फडताळापर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न चांदीच्या इतिहासाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. कारण चांदीच्या खरेदीत मुंबई कोणाच्याही मागे नव्हती. फोर्टातील व्हाइटवे लेडलॉ किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स यांसारख्या विलायती दुकानांतून मुलाम्याची सुरी-काट्यांची पेटी मिळे. तिचे गिऱ्हाईक म्हणजे गोरे अधिकारी, क्लब, हॉटेले आणि विलायती थाटात राहणारी मोजकी हिंदी घराणी. गिरगावात किंवा साष्टीच्या गावठाणांत राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या पेटीत मोठी उणीव होती. तिला मोड नव्हती.

मोड म्हणजे जुना दागिना अथवा भांडे सराफाकडे परत दिले असता केवळ धातूच्या वजनावर मिळणारी किंमत. घडणावळ, म्हणजे कारागिराची मजुरी, बुडाली तरी धातू बुडत नाही, या भरवशावर मुलीचे वाळे, देवापुढचे तबक आणि पाणी पिण्याचा गडवा ही एकाच वेळी वापराची वस्तू आणि संचित अशी दोन्ही कामे करीत. ब्रिटिश अमदानीतील रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी असल्याने रुपया हे नाणे आणि तोळा हे वजन व्यवहारात एकच झाले होते. सोनाराच्या तराजूच्या एका पारड्यात चांदीचे रुपये टाकून दुसऱ्या पारड्यातले पैंजण तोलले जाई. मुंबईची टांकसाळ १८२० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिल्यापासून कोणीही तेथे चांदी नेऊन ठरावीक आकार भरला की तिचे रुपये पाडून मिळत. घरातले भांडे आणि बाजारातले नाणे यांच्यामध्ये आटणी-पाडणीचा खर्च तेवढा होता.

२६ जून १८९३ रोजी हा दरवाजा सरकारने बंद केला. त्यामागचे कारण फिरून अमेरिकेपर्यंत जाते. १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉकची प्रचंड चांदी सापडली, १८७० च्या दशकात जर्मनी आणि खुद्द अमेरिका सोन्याच्या चलनाकडे वळल्या, आणि बाजारात आलेल्या या चांदीला गिऱ्हाईक कमी पडू लागले. लंडनमध्ये औंसाला सुमारे साठ पेन्स असलेला भाव १८९४ पर्यंत निम्म्यावर आला, आणि जवळजवळ दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली घसरला. रुपया सावरण्यासाठी टांकसाळ बंद केल्यावर रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीहून अधिक झाली, पण ज्यांचे संचित रुपयात नसून वाळ्यातोड्यांत होते, त्यांच्या हाती दागिने मोडताना वजनाइतके रुपये येईनासे झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांनी चांदी मोडायला काढली ती या घसरलेल्या भावाने. मोडीवरचा विश्वास तरीही ढळला नाही, याचे नवल वाटते. पण चांदीला पर्याय म्हणून जे पुढे येत होते त्याची मोड शून्य होती, आणि शून्यापेक्षा निम्मे बरे, हा हिशेब कोणत्याही घरात चुकला नसता.

पहिल्या महायुद्धात तर खुद्द अमेरिकेची नाणी आटून हिंदुस्थानात आली. युद्धासाठी येथून माल भरभरून निर्यात होत होता, त्याचे पैसे नोटांत मिळत होते, आणि नोटा घेऊन लोक चांदीचे रुपये मागत होते. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढूनही ही मागणी थांबेना, तेव्हा अमेरिकन काँग्रेसने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून चांदीचे डॉलर वितळवण्यास परवानगी दिली. सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले आणि त्यांतला बहुतांश भाग ब्रिटनमार्फत हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकला गेला. अर्ध्या ग्रॅमाच्या चांदीवर मेजवान्या झोडणाऱ्या देशाने आपल्या तिजोरीतली भरीव चांदी अशा देशाला विकली, जिथले लोक तिला जमिनीत पुरून ठेवणार हे सर्वांनाच ठाऊक होते.

मुलामा ही गोष्टच मराठी घराला परकी होती, असा मात्र याचा अर्थ नाही. पैठणीच्या पदरातली खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. सोनारही चांदीच्या दागिन्यावर सोने आणि पारा यांचे मिश्रण लावून तो तापवीत. पारा उडून जाई आणि सोने चिकटून राही. येथे वर सोने आणि आत चांदी असल्याने मुलामा झिजला तरी हाती काहीतरी उरत असे, म्हणूनच विरलेल्या पैठणीची जर जाळून चांदी काढणारे लोक दारोदार फिरत. अमेरिकन रीत याच्या उलट होती: वर किमती आणि आत टाकाऊ. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली खोटी जर बाजारात आली, तेव्हा तिला खोटी म्हणण्याचे कारण तिच्या दिसण्यात नव्हते.

दुसरा परिचित मुलामा कल्हईचा. तो शोभेसाठी नव्हता, गरजेसाठी होता. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा आंबट वरण ठेवले की धातू त्यात उतरतो आणि पदार्थ कळकतो, म्हणजे हिरवट पडून त्याला उग्र चव येते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यावा लागे. ही भांडी घडत ती मुख्यतः शहरात. मुंबादेवीच्या तळ्यासमोरचा तांब्याचा बाजार मुंबईतील सर्वांत गजबजलेल्या आणि गोंगाटाच्या रस्त्यांपैकी एक असल्याची नोंद इंग्रज लेखक जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मधील आपल्या ग्रंथात केली आहे. कल्हई मात्र गिऱ्हाइकाच्या दारी येई. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथल्या वाड्यांच्या आवारात कल्हईवाला जमिनीत वीतभर खड्डा खणून त्यात कोळसे पेटवी, मातीखालून नेलेल्या नळीला चामड्याचा भाता जोडी, आणि बरोबरचा मुलगा भाता मारीत असताना चिमट्यात धरलेले पातेले निखाऱ्यांवर फिरवीत राही. भांडे पुरेसे तापले की तो आत नवसागराची चिमूट टाकी. त्या पांढऱ्या, नाकाला झोंबणाऱ्या धुराबरोबर धातूवरचा काळा थर सुटे. लगेच कथलाची कांडी टेकवायची, २३२ अंशांना वितळणारे ते कथील कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात सगळीकडे फिरवायचे आणि भांडे पाण्यात बुडवायचे, की काळवंडलेले पातेले आतून आरशासारखे होई. काही महिन्यांनी पुन्हा तेच. भांड्याची मोड या थराने वाढतही नसे आणि घटतही नसे. स्टेनलेस स्टील घरोघरी पोहोचल्यावर, म्हणजे साधारण १९७० नंतर, या धंद्याचा आधार गेला. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण उपनगरांच्या चाळींत आणि सोसायट्यांत फिरू लागली, तोवर तांब्या-पितळेची पातेली बहुतेक घरांतून मोडीतच गेली होती.

विजेचा मुलामा उपनगरांत येण्यासाठी आधी वीज यावी लागली. मुंबई शहरात बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची वीज १९०५ पासून होती, साष्टीतल्या उपनगरांसाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. मुलाम्याच्या टाकीला काही व्होल्टचाच पण एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी, प्रवाह लागतो, तर तारेतून येणारा प्रवाह दिशा बदलणारा, म्हणजे एसी, असतो; त्याचे रूपांतर करणारी यंत्रे, पुढे रेक्टिफायर, स्वस्त होत गेली तसे दोन-चार टाक्यांचे दुकान एखाद्या गाळ्यातही चालू शकेल असे झाले. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरे महापालिकेत आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन अंधेरीच्या पूर्वेस मरोळला त्याची वसाहत झाली, आणि मरोळ, साकीनाका, कुर्ला या पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग, नळ, कड्या-कुलपे यांना निकेल, क्रोम अथवा जस्त चढवून देणारी दुकाने पसरली. ही बहुतेक जॉबवर्क करणारी, म्हणजे माल दुसऱ्याचा आणि थर आपला अशा कराराची.

शोभेच्या मुलाम्याला बाजार मिळवून दिला तो सोन्याच्या टंचाईने. जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू करून १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. ही कॅरेटची अट पुढे शिथिल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. भावही चढत गेला. लोकलच्या गर्दीत गळ्यातले ओढले जाण्याची धास्ती घेऊन रोज बोरिवलीहून किंवा मुलुंडहून नोकरीला जाणाऱ्या बाईला खरे मंगळसूत्र घरी ठेवून ‘बेंटेक्स’चे, म्हणजे मुलाम्याचे, घालणे शहाणपणाचे वाटू लागले. जे दागिने गोदरेजच्या कपाटात राहणार ते खरे, जे अंगावर रोज राहणार ते खोटे, अशी विभागणी झाली, आणि ही कपाटे ज्या विक्रोळीत बनत ती याच उपनगरांतली.

अशा दागिन्यांच्या उत्पादनाचे आज मोठे केंद्र म्हणजे मालाड. मालाड पूर्वेला कुरारच्या बाजूस आणि पश्चिमेला मालवणीकडे घराघरांत डाग देणे, खडे बसवणे, मणी ओवणे ही कामे बाया-माणसे डझनाच्या दराने करतात आणि तयार माल भुलेश्वरच्या घाऊक बाजारात जातो. पितळेचा कच्चा दागिना प्लेटिंगवाल्याकडे आला की प्रथम बफच्या फिरत्या कापडी चाकावर घासला जातो, मग अल्कलीच्या गरम पाण्यात त्याचे तेल काढतात आणि आम्लात बुचकळतात. बोटाचा ठसा राहिला तर तेवढ्या जागी थर धरत नाही, म्हणून यापुढे त्याला तांब्याच्या तारेनेच धरायचे. तारेला झुंबरासारखे लटकवलेले डझन-दोन डझन नग आधी तांब्याच्या टाकीत, मग निकेलच्या टाकीत आणि शेवटी सोन्याच्या अथवा चांदीच्या टाकीत उतरतात. सोन्याच्या टाकीत ते काही सेकंदच राहतात, कारण त्यापुढचा एकेक सेकंद पैशाचा आहे. मेरिडनच्या कारखान्यात थराची जाडी हा जाहिरातीचा विषय होता. मालाडच्या गाळ्यात ती जितकी कमी तितका कारागीर हुशार.

या टाक्यांतले सायनाइड आणि धातूंचे क्षार धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. मोठ्या कारखान्याला शुद्धीकरणाची यंत्रणा बसवणे परवडते, एका गाळ्याच्या दुकानाला परवडत नाही, आणि ते पाणी नाल्याला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी याच मरोळ-साकीनाका-कुर्ला पट्ट्यातून वाहते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तिच्या प्रदूषणाकडे सर्वांचे लक्ष गेले आणि काठावरच्या अशा दुकानांवर कारवायाही झाल्या, पण मागणी कायम असल्याने त्यांतली काही वसई-भिवंडीकडे सरकली इतकेच.

मिठीच्याच परिसरात, मरोळला लागून, १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. आरंभी ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी होते; १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे जडावाचे दागिने बनू लागले आणि त्यांची मोठी बाजारपेठ अमेरिका आहे. त्या आवारात मात्र धातू खरा लागतो, आणि बफिंगच्या धुळीतून, झाडलोटीतून आणि हात धुतलेल्या पाण्यातूनही तो परत गोळा केला जातो.

उपनगरांतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत आता चांदीचा मुलामा दिलेली पूजेची ताटे, करंडे आणि समया लग्नसराईत मखमली पेट्यांतून विकल्या जातात, आणि मुंजी-वास्तुशांतीला परतीची भेट म्हणून त्या डझनांनी घेतल्या जातात. सराफाच्या पावतीवर वजन, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी अशा तीन ओळी असतात. या दुकानांच्या पावतीवर नगाची किंमत तेवढी असते.