समुद्र ओलांडून नेलेलें बंदर

१९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटे दोस्त राष्ट्रांच्या सुमारें ६,००० सैनिकांनीं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप बंदरावर हल्ला चढविला. त्यांपैकीं ५,००० च्या आसपास शिपाई कॅनडाचे होते. सूर्य माथ्यावर येईतों उरलेल्यांना माघारीं नेण्याची धडपड सुरू झाली. ९०० हून अधिक कॅनेडियन प्राणांस मुकले व जवळजवळ २,००० शत्रूच्या हातीं सांपडले. तटबंदी केलेलें बंदर समोरून घेऊं जाणें किती महाग पडतें, हें त्या दिवशीं कळून आलें.

पण बंदरच नसेल तर मोठें सैन्य परक्या किनाऱ्यावर जगावें कसें? लाखों माणसांचें अन्न, तोफांचे गोळे, रणगाडे व पेट्रोल हीं होड्यांतून वाळूवर किती दिवस उतरवीत बसणार? त्यांतून तिकडील भरती-ओहोटींतलें अंतर वीस फुटांहून अधिक. जर्मन सेनानींचा हिशेबही ह्याच प्रश्नावर उभा होता. शत्रूला आधीं बंदर घ्यावेंच लागेल, तेव्हां बंदरें अभेद्य करावीं, असें त्यांनीं ठरविलें. आणि इंग्लंडला सर्वांत जवळ असलेल्या कॅलेच्या बाजूस आपलें बलाढ्य सैन्य ठेविलें.

दिएपच्याही आधीं, मे १९४२ मध्यें, चर्चिल ह्यांनीं भरतीबरोबर वर व ओहोटीबरोबर खालीं जाणारे तरते धक्के हवेत, असें एक टिपण धाडलें होतें. तें गेलें लॉर्ड मौंटबॅटन ह्यांच्याकडे. हेच गृहस्थ पुढें हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय झाले. दिएपचा बेतही त्यांच्याच कचेरींत शिजला होता. त्या अपयशानंतर धक्क्यांच्या कल्पनेस खरा जोर चढला. इंग्लंडांत काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या तयार होऊं लागल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या पेट्या २०० फूट लांब, ६० फूट उंच व सुमारें ६,००० टन वजनाच्या होत्या. त्या कशासाठीं, हें बांधणाऱ्या मजुरांना ठाऊक नव्हतें. ह्या पेट्या ओढीत नेऊन पलीकडच्या किनाऱ्यासमोर बुडवावयाच्या, शेजारीं जुनीं जहाजें बुडवून लाटा अडवावयाच्या आणि आंतल्या शांत पाण्यांत तरते रस्ते टाकावयाचे, असा तो घाट होता.

हवा बिघडल्यामुळें ५ जूनचा मुहूर्त टळला. पुढें थोडा वेळ वादळ निवळेल, एवढ्या हवामानतज्ज्ञांच्या शब्दावर आयझेनहॉवर ह्यांनीं हुकूम सोडला. अशा समुद्रांत कोण येणार, म्हणून सेनापति रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठीं घरीं गेले होते. ६ जून १९४४ रोजीं सुमारें १,५६,००० सैनिक समुद्रावाटे व आकाशमार्गें नॉर्मंडींत उतरले. त्या एका दिवसांत त्यांतले चार हजारांहून अधिक ठार झाले. ओमाहा ह्या किनाऱ्यावर कड्यांखालीं अमेरिकनांची जी दैना झाली, ती पाहतां बेत फसतो कीं काय असें तेथील अधिकाऱ्यांस वाटलें होतें.

१९ जूनला मोठें वादळ उठलें व तीन दिवस घोंघावत राहिलें. अमेरिकनांचें बंदर मोडून पडलें; आरोमांश येथील ब्रिटिशांचें तेवढें टिकलें. पण नवल असें कीं, अमेरिकनांचें काम अडलें नाहीं. ओहोटीला जहाजें वाळूवर टेकवून त्यांनीं मालाचे ढीग उतरविले. मग हा सारा खटाटोप व्यर्थच कीं काय? तसें म्हणवत नाहीं. बंदर आपल्याबरोबर येत आहे, हा भरंवसा नसता तर उघड्या किनाऱ्यावर उतरण्याचें साहस सेनानींनीं पत्करलेंच नसतें. जुलैच्या आरंभीं तेथें दहा लक्ष माणूस उतरलें होतें.

जर्मनीचें कंबरडें एकट्या नॉर्मंडीनें मोडलें, असें मानणारे रशियनांवर अन्याय करतात. २२ जूनपासून पूर्वेकडे त्यांनीं केलेली चढाई ह्याहून लहान नव्हती. मात्र पश्चिमेची आघाडी उघडली नसती तर दोन्ही फौजांची गांठ एप्रिल १९४५ मध्यें एल्ब नदीवर न पडतां कोठें पडली असती, हें सांगणें कठीण. युद्धोत्तर जर्मनीच्या वांटणीच्या सीमा मात्र त्या गांठीच्या जागेवर नव्हे, तर दोस्तांमध्यें आधींच झालेल्या करारांनीं ठरल्या होत्या.

बंदराचा प्रश्न मात्र पुढेंही छळीतच राहिला. शेरबूर जूनअखेर हातीं आलें तें उद्ध्वस्त होऊनच. अँटवर्प ४ सप्टेंबरला सुस्थितींत मिळालें, पण शेल्ट नदीचें मुख शत्रूच्या ताब्यांत असल्यामुळें तेथें मालाचा पहिला तांडा लागावयास २८ नोव्हेंबर उजाडला. तें मुख मोकळें करण्याचें रक्तबंबाळ काम बहुतांशीं कॅनेडियनांच्याच वांट्यास आलें. त्याआधीं, १ सप्टेंबर १९४४ रोजीं, ते पुन्हा दिएपला पोंचले होते. ह्या खेपेस जमिनीच्या वाटेनें. जर्मन आदल्या दिवशींच निघून गेले होते, आणि एकही गोळी न झाडतां ते गांवांत शिरले.