फलन (माध्यमिक गणित)

एका संचातील प्रत्येक घटकाशी दुसऱ्या संचातील नेमका एकच घटक जोडणारा नियम म्हणजे फलन. महाराष्ट्रात दहावीपर्यंत समीकरणांची सवय लागते आणि फलन अकरावीत भेटते. साहजिकच विद्यार्थी फलनाला सूत्रच समजतो. यात त्याचा दोष नाही. ऑयलरची १७४८ ची व्याख्याही तशीच होती. नियमाला सूत्राची गरज नाही, हे डिरिक्लेने १८३७ मध्ये मांडले.

भिवंडीच्या यंत्रमागावर हा फरक स्पष्ट दिसतो. मिनिटाला १२० आडवे धागे टाकणारा माग इंचाला ४८ धाग्यांचे कापड विणत असेल, तर क्ष मिनिटांत २.५क्ष इंच कापड निघते. धागा तुटून माग थांबला की हे सूत्र मोडते, फलन मात्र टिकते: प्रत्येक क्षणी विणलेली लांबी एकच असते, आलेख तेवढ्यापुरता आडवा होतो. उलट लांबीवरून वेळ विचारली, तर माग थांबलेला असतानाचे सगळे क्षण उत्तर ठरतात. म्हणून व्यस्त फलन मिळत नाही. सूत्राविना मुलांना किमती काढता येणार नाहीत, हा आक्षेप काही अंशी रास्त आहे. पण तक्ता आणि आलेखही किंमत देतातच, आणि वीज गेलेल्या दुपारचा हिशेब त्यांनीच सोपा होतो.