पहिली कादंबरी आणि स्थलांतराचा अनुभव

मराठीतील संस्मरणीय पदार्पण-कादंबऱ्यांचा विचार करताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील काही महत्त्वाच्या कृतींच्या केंद्रस्थानी प्रवास आहे. घर सोडलेल्या व्यक्तीला आपला समाज निराळा दिसू लागतो आणि या नव्या दृष्टीसाठी लेखकाला नवा घाट शोधावा लागतो.

बेळगाव येथे जन्मलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानली जाते. पतीसमवेत प्रवासाला निघालेली यमुना ठिकठिकाणच्या विधवांची दुःस्थिती पाहते आणि पुढे स्वतःच वैधव्याला सामोरी जाते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. तथापि कायदा आणि घर यांतील अंतर किती मोठे होते, हे या पर्यटनातून दिसते. पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांचा धर्मप्रसाराचा हेतू कथानकावर भार टाकतो, हे मान्य करूनही स्त्रीच्या दुःखाला मिळालेले कादंबरीचे हे पहिले स्थान नाकारता येत नाही.

विश्राम बेडेकर यांची पहिली कादंबरी ‘रणांगण’ (१९३९) युरोपातून भारताकडे येणाऱ्या बोटीवर घडते. चक्रधर आणि जर्मन ज्यू निर्वासित हॅर्टा यांचे प्रेम येथे वंशद्वेषाच्या छायेत उमलते. मुंबई चक्रधरचे घर आहे. हॅर्टाला मात्र तेथे उतरण्याची मुभा नाही. प्रवास एकच असला तरी दोघांचे भवितव्य भिन्न ठरते. महायुद्ध पेटले त्याच वर्षी मराठी कादंबरीने जगाच्या या जखमेला स्पर्श केला, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) हे अंतर सांगवी आणि पुणे यांच्यापुरते आणते. पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी शहरात येतो आणि अपयश घेऊन गावी परततो. परंतु ज्या घरातून तो निघाला होता, ते त्याला पूर्वीसारखे सापडत नाही. बोलीचा वापर, उपहास आणि वरवर विस्कळित भासणारे प्रथमपुरुषी निवेदन यांमुळे तत्कालीन अलंकृत भाषेला पर्याय मिळाला. त्या वेळी नेमाडे पंचविशीत होते.

या तिन्ही कृतींना एका परंपरेचे दुवे मानणे घाईचे ठरेल. त्यांचे हेतू आणि काळ भिन्न आहेत. मात्र आजच्या वाचकाला त्या जवळच्या वाटण्याचे कारण त्यांच्यातील प्रवासात आहे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली आणि पुढे तेथील इलेक्ट्रॉनिक सिटी हे तिचे मुख्य ठाणे झाले. त्याच वाटेने असंख्य मराठी तरुण त्या नगरीत पोहोचले. यमुनेची किंवा हॅर्टाची अगतिकता त्यांच्या वाट्याला आलेली नाही. परंतु परतल्यावर घर तेच राहील काय, हा पांडुरंगाचा प्रश्न त्यांनाही परका नाही. या कादंबऱ्या पुन्हा वाचण्याचे प्रयोजन येथे आहे.